पाचव्या पायरीची उंची

२० डिसेंबर

लहान मुलांना शिकवणाऱ्या माझ्या बायांनो आणि गुरुजींनो,

आपल्या प्रत्येकाच्या शाळेत एक कपाट आहे. कपाटात एक पेटी आहे. पेटीत फळ्या आहेत, कप्प्या आहेत, चाकं आहेत, दोऱ्या आहेत. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली आपल्याकडे नाही. वर्षातून एकदा तपासणी होते, तेव्हा कपाट उघडतं. पेटीवरची धूळ पुसली जाते, वस्तू मोजल्या जातात, 'सर्व साहित्य सुस्थितीत' या ओळीखाली आपली सही घेतली जाते आणि कुलूप पुन्हा लागतं. सुस्थितीत! जिच्यावरून एकदाही दोरी धावली नाही ती कप्पी सुस्थितीत असेल, तर ज्याने कधी पाण्यात पाय घातला नाही तो पट्टीचा पोहणाराच म्हणायचा.

हे मी परवाच्या आपल्या सभेत उभी राहून बोलणार होते. मला रजा मिळाली नाही. म्हणून माझी आणि माझ्या मामांची पत्रं पाठवते आहे, मधली दोन माझ्या वर्गाची आणि मामेभावाची. मामांनी चाळीस वर्षं कारखान्यात जड यंत्रं उचलून जागेवर बसवली. आता ते परगावी मुलाकडे, म्हणजे दादाकडे, राहतात. माझ्या भाषणाऐवजी ही पत्रं वाचा. मोठ्याने वाचा, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ दे.

———

३ जुलै

ती. मामांस सा. नमस्कार.

मामा, कपाटातली पेटी अखेर वर्गात आली! आज दुसरीच्या वर्गात मी लांब फळी विटेवर ठेवली, तिच्या आखूड बाजूवर उभी राहिले आणि वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीला दुसऱ्या टोकावर बसायला सांगितलं. तिला आम्ही मुंगी म्हणतो. मुंगी बसली आणि मी वर गेले! तुमच्या भाषेत भरल्या पोत्याएवढी बाई, मी! असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई "काय पेटलं?" म्हणत धावत आल्या. मुंगी मात्र गंभीर. म्हणते, "बाई, तुम्ही घरी नीट जेवत नाही का?"

पण एका प्रश्नाने माझी दांडी उडाली. आमच्याकडे एक बडबडी आहे, तिचं तोंड फक्त शिंकताना बंद होतं. उतरणीवरून विटांची गाडी ढकलताना तिने विचारलं, "उतरण लांब केली की ओझं हलकं लागतं. मग उरलेलं ओझं जातं कुठे?" मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधत राहिले.

उत्तर पाठवा. आणि शाळेत यायचं कबूल केलंत ते कधी? पोरं रोज विचारतात, "कप्पीवाले मामा कधी येणार?"

तुमची भाची

———

११ जुलै

चि. खटपटीस आशीर्वाद.

तुझं नाव मी उगाच खटपटी ठेवलं नव्हतं. सहा वर्षांची असताना माझं घड्याळ उघडलं होतंस, ते अजून बंदच आहे.

बडबडीला सांग, ओझं कुठे जात नाही, तेवढंच राहतं. जे एका घासात गिळायचं ते वीस घासांत खायचं, एवढंच. पण आधी सांगू नकोस. आधी ढकलू दे, दमू दे, मग सांग. आणि 'तरफ', 'कप्पी' ही नावं सगळ्यात शेवटी. नाव आधी सांगितलं की पोरांना वाटतं वस्तू कळली.

दुसरं म्हणजे त्यांना आमच्या कामाचा पहिला नियम शिकव: स्वतःचा हात लावून मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. दुसऱ्याने सांगितलेला नाही, नजरेने धरलेला नाही. कारखान्यात एकाने अंदाजाने आकडा लिहिला होता. ते यंत्र आम्ही तीन दिवस हवेत टांगून ठेवलं होतं.

मी मजेत आहे. कोपऱ्यावर सुताराचा कारखाना आहे, रोज सकाळी तिथे माझी हजेरी असते. सध्या सागवानाचं काम चाललंय. करवतीला तेल नाही, किती किंचाळते! त्या सुताराला सांगून दमलो. गुडघा थोडा कुरकुरतो, म्हणून इतक्यात प्रवास नको. दादा आणि सूनबाई जिवापाड जपतात.

तुझा मामा

———

३० जुलै

ती. मामांस सा. नमस्कार.

उशीर झाला, क्षमा. शिकवणं चालू आहे. सध्या चित्रांवर भर आहे. पुस्तकात उतरणीचं चांगलं चित्र आहे, कप्पीचंही. मुलं चित्रांत रंग भरतात. चित्रांखाली नावं लिहून घेते.

पोरांनी तुमच्या घराची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायचं मनावर घेतलंय. त्यांना ही मापं हवीत: पलंगाची उंची, खिडकीची उंची, दाराची रुंदी, बाहेरच्या पायऱ्या किती आणि प्रत्येक पायरी केवढी. तुमचा नियम त्यांनी फळ्याच्या वर लिहून ठेवलाय, तेव्हा अंदाजपंचे चालणार नाही!

तुमची भाची

———

९ ऑगस्ट

चि. खटपटीस आशीर्वाद.

मंडळींना मापं दे. पलंग एक फूट साडेसात इंच. खिडकीची चौकट जमिनीपासून दोन फूट अकरा इंच. खिडकीला गज नऊ, दोन गजांत सव्वाचार इंच. दार दोन फूट दहा इंच. पलंगापासून खिडकी सात फूट, खिडकीपासून दार नऊ फूट एक इंच. फरशा एकशे बारा, त्यांतल्या तीन तडकलेल्या.

पायऱ्या पाच. उंची:

ती नंतर कळवतो.

आता तुझी पाळी. मागच्या पत्रात 'चित्र' चार वेळा आलंय आणि फळी एकदाही नाही. कोणी पडलं नाही, काही सांडलं नाही, शेजारच्या बाई धावत आल्या नाहीत. असा वर्ग मी तरी पाहिलेला नाही. पेटी कुठे आहे?

तुझा मामा

———

१८ ऑगस्ट

ती. मामांस सा. नमस्कार.

पेटी कपाटात आहे आणि किल्ली मोठ्या सरांच्या खणात.

फळीखाली मुंगीचं बोट चेमटलं. नख काळं पडलं. ती रडली, मग बाकी मुलांना नख दाखवत मिरवली. तिची आई आली, मी हात जोडले, तर म्हणते, "नखच ना, परत येईल. पण घरी भावाचा पलंग हिने एकटीने सरकवला हो, लाटणी घालून!" तक्रार कोणाचीच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी पुन्हा कुलूप लावलं.

मी म्हटलं, "सर, मुलं शिकत होती."

"शिकू द्या की. चित्रं आहेत ना?"

"चित्राला वजन नसतं, सर."

"म्हणूनच ते बोटावर पडत नाही," सर म्हणाले. "बाई, साहित्य सुरक्षित, मुलं सुरक्षित, तुम्हीही सुरक्षित. अजून काय हवं?"

मामा, ते दुष्ट नाहीत हो. माझ्या आजारपणात दोन आठवडे त्यांनी माझा वर्ग सांभाळला. पण त्या दिवसापासून माझ्या वर्गाची हवाच गेली. तासभर पोरं लाकडाच्या चित्रात तपकिरी रंग भरतात आणि मी बाकांमधून फेऱ्या मारते, दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. परवा माझ्या लक्षात आलं, मी पावलं मोजत होते.

आणि आता तुमचं. पुठ्ठ्याचं घर झालं. पलंग, खिडकी, नऊ गज, तडकलेल्या तीन फरशासुद्धा. पायऱ्यांपाशी काम अडलं. मी म्हटलं, मामा विसरले असतील. बडबडी तुमचं पत्र हातात घेऊन बसली होती, आणि एवढा वेळ गप्प बसलेलं मी तिला प्रथमच पाहिलं. मग म्हणाली, "बाई, मामा विसरले नाहीत. त्यांनी खोलीतल्या फरशा मोजल्या. त्यांना पायरीपर्यंत जाताच येत नाही."

मी तुमचं जुलैतलं पत्र पुन्हा काढलं. सुताराच्या कारखान्यात रोज जाता म्हणता, पण तिथलं तुम्ही एकच लिहिलंय: करवतीचा आवाज.

मामा, शेवटचे घराबाहेर कधी गेलात?

तुमची भाची

———

२ सप्टेंबर

चि. खटपटीस आशीर्वाद.

बडबडीला माझ्यातर्फे शाबासकी दे. कारखान्यात असती तर मुकादम केली असती.

अकरा महिने झाले. न्हाणीघरात पडलो, खुब्याचं हाड मोडलं, बसवलं, पण पाय उभा राहीना. चाकांची खुर्ची आली. खुर्ची खोलीत छान फिरते. दारापर्यंत जाते. पुढे पाच पायऱ्या.

पहिल्या महिन्यात दादा आणि शेजारचा मुलगा यांनी मला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. दादाच्या मानेच्या शिरा ताठलेल्या, शेजारी "सांभाळा, सांभाळा" करतोय, सूनबाईंनी डोळे मिटलेले. लोक घर बदलताना कपाट नेतात ना, तसं. मी म्हटलं, पुन्हा नको. दादा म्हणाला, "बरं झालं बाबा, तुम्हीच म्हणालात. पुन्हा पडलात तर?" तेव्हापासून विषय संपला. तो कामावर जाताना बाहेरून कडी लावतो. रागाने नाही गं. भीतीने. वाईट असता तर भांडलो असतो. प्रेमाशी कसं भांडू?

तुला सांगतो, पन्नास पन्नास मणांची यंत्रं मी एका साखळीवर, एका हाताने वर घेतली आहेत. आणि मला अडवलंय कशाने, तर लहान पोर उडी मारून उतरेल अशा पाच पायऱ्यांनी. सुताराचा आवाज येतो, त्यावरून लाकूड ओळखतो, मनात त्याच्याशी वाद घालतो. तो मेला मला ओळखतही नाही.

दादाला यातलं एक अक्षर लिहायचं नाही. शपथ आहे तुला.

तुझा मामा

———

२० सप्टेंबर

ती. मामांस सा. नमस्कार.

शपथ पाळते आहे. पण वर्गाला सांगितलं, कारण प्रश्न त्यांनीच शोधला होता. पाच मिनिटांत ठरलं: मामांना उतरण हवी. किती लांब? 'इंजिन' नावाचा मुलगा पुठ्ठ्याच्या घराच्या दाराला पोस्टकार्ड टेकवून म्हणाला, "झाली!" बडबडी खेकसली, "पुठ्ठ्याच्या मामांना वजन आहे का?"

मी किल्ली मागायला गेले. सर म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला. म्हणाले, वर पाठवतो. तो अजून वर चढतोच आहे.

मग मामा, मी कपाटाकडे पाठ फिरवली. व्हरांड्यात जुना लाकडी फळा पडून होता, सहा फुटी. पाण्याचे कॅन आणायची चाकांची गाडी होती. शाळेच्या दाराला तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंच. मुलांनी हात लावून मोजल्या. आणि आमचे शिपाईकाका म्हणाले, "मामांच्या जागी मी बसतो. मी त्यांच्यापेक्षा भारीच भरेन."

फळा एका पायरीवर टेकवला. मुंगी आणि बडबडी, दोघींनीच, शिपाईकाकांना वर नेलं! दोन पायऱ्यांवर टेकवला, तर पाच जण लागले आणि गाडी मागे येऊ लागली. तीन पायऱ्यांवर टेकवला, तेव्हा अख्खा वर्ग लागला, गाडी हलेना, आणि काका म्हणाले, "पोरांनो, मी उतरतो. मला घरी बायको आहे."

म्हणजे सहा इंचांना सहा फूट. एका इंचाला एक फूट! हे मी सांगितलं नाही. इंजिनाने ओरडून सांगितलं. मग मी बडबडीला तुमचं घासांचं उत्तर दिलं. ती म्हणाली, "ते मला मघाशीच कळलं. हातांना."

आता फक्त तुमच्या पायऱ्यांची उंची हवी.

ता. क. मोठे सर वरच्या खिडकीत उभे होते.

तुमची भाची

———

५ ऑक्टोबर

मामांच्या दादांना,

आम्ही दुसरीची मुलं. आम्हाला पाच आकडे पाहिजेत. तुमच्या पाच पायऱ्यांची उंची. आम्ही मामांना विचारलं पण ते लिहीत नाहीत, कारण हात लावल्याशिवाय ते आकडा लिहीत नाहीत आणि त्यांचा हात तिथे पोचत नाही. तुमचा पोचतो का?

बाईंनी तुम्हाला लिहायचं नाही अशी शपथ आहे. आम्हाला नाही.

पट्टी नसेल तर कळवा. आम्ही पाठवू.

सगळी मुलं

———

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आधी राग आला. घरातली गोष्ट तू वर्गाच्या फळ्यावर मांडलीस असं वाटलं. पत्र खिशात घालून चार दिवस फिरलो. 'तुमचा पोचतो का?' हे वाक्य कामात मध्येच टोचायचं.

तुला खरं सांगू? कामावर फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो. घरचा असेल, बाबा पडले असतील. कडी लावली की तेवढा वेळ श्वास घेता येतो. त्यांना कोंडतोय हे मी कधी मनात येऊच दिलं नाही. मी फक्त दार लावत होतो.

रविवारी पट्टी घेऊन पायऱ्यांवर बसलो. खिडकीतून बाबांनी पाहिलं. मग ओरडले, "पट्टी सरळ धर, गाढवा!" ताई, वर्षभर बाबा माझ्याशी 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलत होते. गाढवा ऐकून मला तिथेच रडू आलं.

मुलांना कळव: वरच्या चार पायऱ्या सहा-सहा इंच, खालची सात. एकूण एकतीस. म्हणजे उतरण एकतीस फूट ना? अंगण एकोणीसच फूट आहे. काय करू, ते त्यांनाच विचार.

तुझा दादा

———

१ डिसेंबर

चि. खटपटीस आणि माझ्या दुसरीच्या मुकादमांना आशीर्वाद.

अंगणात मावत नाही तर उतरण मध्येच वळवा, हे मुंगीने चित्र काढून पाठवलं तेच केलं. सोळा-सोळा फुटांचे दोन भाग, मध्ये सपाट चौथरा. त्यावर खुर्ची वळते, दमही खाता येतो. बांधली कोपऱ्यावरच्या सुताराने. मी खिडकीतून सूचना देत होतो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आजोबा, एवढं बोलता तर इतके दिवस होतात कुठे?"

काल उतरलो. दादा मागे खुर्ची धरून, सूनबाई पुढे. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. तळाशी आल्यावर उतरण किंचित डुगडुगली. मी पट्टी मागितली. वाकलो आणि पाचव्या पायरीला हात लावला. वर्षाने मातीला हात लागला गं.

दादाने पट्टी गवतावर टेकवली होती, तळाच्या मातीवर नाही. खालचे पाय पाऊण इंच आखूड पडले. सुताराकडून पाचर घेतली, स्वतःच्या हाताने ठोकली. तीन घाव. आता डोंगर कलला तरी उतरण हलायची नाही.

त्या पत्रात जागा कोरी सोडली होती. तिथे लिहून घ्या: पाचवी पायरी पावणेआठ इंच. मी मोजली आहे.

दादा अजून कामावरून दोनदा फोन करतो. कडी मात्र आता आतून आहे.

तू मात्र गेली दोन पत्रं मुलांबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. पुन्हा विचारतो, पेटी कुठे आहे? आणि तू कुठे आहेस?

तुझा मामा

———

माझ्या बायांनो आणि गुरुजींनो,

मामांना अजून उत्तर पाठवलेलं नाही. तुम्हाला सांगते. शाळेच्या फळ्याचा गैरवापर केला आणि शिपायाला गाडीवर बसवलं, म्हणून माझ्यावर चौकशी लागली आहे. ती संपेपर्यंत मला वर्ग नाही. मागच्या खोलीत बसून मी जुन्या नोंदवह्यांच्या नकला करते. माझ्या टेबलासमोर ते कपाट आहे. कुलूप तसंच. काल एका वहीत मला माझीच सही सापडली, 'सर्व साहित्य सुस्थितीत' या ओळीखाली. पाच वर्षं, दर वर्षी एक सही. दादाने बाहेरून कडी लावली म्हणून त्याला मी मनातल्या मनात बोल लावत होते. पाच वर्षं माझ्या सहीने मी तेच करत होते.

या खोलीतून माझा वर्ग दिसत नाही. फक्त ऐकू येतो. आवाजावरून ओळखायला मीही शिकले आहे. महिनाभर तिकडे रंगखडूंची सरसर होती. आज सकाळी काहीतरी जड सरपटत नेल्याचा आवाज आला. मग धप्प. मग बडबडीचा आवाज: "अजून लांब करा!" मोठ्या सरांची पावलं जिन्यावरून खाली गेली, वर्गाच्या दारात थांबली. मी नक्कल थांबवून ऐकत होते. पावलं तिथेच होती. पंधरा मिनिटं तिथेच होती. त्यांनी पोरांना थांबवलं नाही. पण कपाटही उघडलं नाही.

मी एकटीने किल्ली मागितली, तेव्हा तिचा अर्ज झाला. आपण सगळ्यांनी एकाच सकाळी मागितली, तर अर्ज ठेवायला त्यांच्याकडे खण पुरणार नाहीत. माझ्यासाठी सह्या गोळा करू नका, माझी बाजू मांडू नका. एकच करा. सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आधी आपापल्या मोठ्या सरांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहा, हात पुढे करा आणि कपाटाची किल्ली मागा. ती हातावर पडेपर्यंत हात मागे घेऊ नका.